टर्बो की साधं? आमच्या विमानाच्या इंजिनापायी गेलेली दोन वर्षं

वागळे इस्टेटला माझा शीट मेटलचा छोटासा गाळा आहे, एसीचे डक्ट आणि पॅनल बनवतो, आणि त्याच गाळ्याच्या मागच्या अर्ध्या भागात गेली चार वर्षं एक विमान पडलंय. पडलंय म्हणजे बनतंय. दोन सिटांचं, हाय विंग म्हणजे पंख केबिनच्या वर, सगळं ॲल्युमिनियमचं, ड्रॉइंग विकत घेतलेली आणि पत्रा आम्हीच कापलेला. पंख होतात हो, रिव्हेट मारत बसायचं, वेळ लागतो पण डोकं लागत नाही. आमचं घोडं अडलं ते घोड्यांवरच, म्हणजे इंजिन कुठलं घ्यायचं. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा हवा दाबून इंजिनात ढकलतो ते, की नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे आपली हवा आपणच ओढणारं, ज्याला आम्ही गाळ्यात सरळ ‘साधं’ म्हणायचो. या एका प्रश्नावर दोन वर्षं गेली, तीन-चार भांडणं झाली आणि बायकोने एकदा विचारलं की हे विमान नक्की उडवायचंय का नुसतं त्यावर बोलायचंय.

आधी सांगतो की टर्बो डोक्यात शिरला कुठून. पीपीएल, म्हणजे खाजगी पायलटचं लायसन्स, मी बऱ्याच वर्षांपूर्वी काढलं, सेसना 152 वर. पठारावरची धावपट्टी होती, समुद्रसपाटीपासून साधारण 1,900-2,000 फूट उंच, मे महिना, दुपारी दोनची वेळ, मी आणि इन्स्ट्रक्टर, दोघंही बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेले. विमान उचललं आणि मग ते चढेचना. मिनिटाला तीनशे फूट, कधी अडीचशे, समोर बाभळी, आणि इन्स्ट्रक्टर एकदम शांत आवाजात म्हणतोय ‘नाक खाली ठेव, स्पीड सोडू नको’. त्या बाभळी मला अजून दिसतात. त्या दिवशी ठरवलं होतं की आपलं स्वतःचं विमान झालं तर त्याला असलं दम लागणारं इंजिन नको.

दुसरं कारण म्हणजे माझा मेव्हणा. या उद्योगात तो अर्धा भागीदार, पैशानेही आणि भांडणानेही. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल गाडी, त्याआधी माझ्याच जुन्या मारुती 800 मधून आम्ही नाशिकला जायचो, आणि कसारा घाटात त्या बिचारीचं काय व्हायचं ते ज्यांनी तशी गाडी चालवलीय त्यांना सांगायला नको. सेकंड गिअर, एसी बंद, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय. मेव्हण्याचं म्हणणं एकदम सरळ, ‘‘भावोजी, तुमची 800 घाटात हाफायची, माझी गाडी हाफत नाही, मग विमानाला साधं इंजिन कशाला? विमान तर आख्खं आयुष्य घाट चढतं.’’ बोलायला काय, पटतंच ना ऐकताना. मलाही पटलं होतं.

म्हणजे आमच्या समोर दोन नावं होती. दोन्ही रोटॅक्सची, ऑस्ट्रियातली कंपनी, जगभर हलक्या आणि घरी बनवलेल्या विमानांत यांचीच इंजिनं सगळ्यात जास्त दिसतात. एक 912 यूएलएस, 1352 सीसी, चार सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, टेकऑफला 100 घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, आणि सतत चालवायला 95. दुसरं 914, ते दिसायला त्याचंच भावंड पण 1211 सीसी आणि टर्बो, टेकऑफला पाच मिनिटांपुरते 115 घोडे आणि सतत 100. कागदावर बघितलं तर फरक पंधराच घोड्यांचा, पण खरी मेख उंचीत आहे. साधं इंजिन हवेचा जो दाब असेल तेवढ्यावरच श्वास घेतं, समुद्रसपाटीला पाऱ्याचे सुमारे 30 इंच, आणि वर गेलं की दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी. ढोबळ हिशेब असा की हजार फुटाला तीन टक्के ताकद गेली. 8,000 फुटांवर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला तरी पाऊणच इंजिन तुमच्याजवळ उरतं. 914 मात्र ते शंभर घोडे 16,000 फुटांपर्यंत देत राहतं. हे वाचल्यावर मेव्हणा जवळजवळ नाचलाच.

मधे एक वेडेपणा पण करून झाला, तोही सांगून टाकतो. कुणीतरी म्हणालं की हजार सीसीची टर्बो कार इंजिनं आता 100-120 घोडे देतात, ॲक्सिडेंटच्या गाडीचं काढलेलं मिळालं तर रोटॅक्सच्या दहाव्या भागात काम होईल. म्हणून रविवारी सकाळी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. तिथे एका दुकानात गोणपाटावर मस्त तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन ठेवलेलं, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वायरिंग, सगळ्यासकट. दुकानदाराने विचारलं ‘‘कौनसी गाडी में डालना है?’’, मेव्हणा पटकन बोलून गेला ‘‘प्लेन में’’. तो माणूस दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, ‘‘गॅरंटी नहीं मिलेगा.’’ इतकं प्रामाणिक उत्तर आम्हाला पुढच्या दोन वर्षांत कुठल्याही सेल्सवाल्याकडून मिळालं नाही.

तो नाद सुटला तो मात्र वाशीच्या काकांमुळे. काका म्हणजे रिटायर्ड विमान मेंटेनन्स इंजिनिअर, आयुष्य हँगरमध्ये गेलेलं, आमच्या सोसायटीतल्या एकांच्या ओळखीने भेटले आणि आता दर पंधरवड्याला ट्रेनने ठाण्याला येऊन आमचे रिव्हेट बघून नाक मुरडून जातात. ते म्हणाले, ‘‘अरे, कारचं इंजिन शंभर घोड्यांचं असतं पण घोडबंदर रोडला तू त्यातले किती वापरतोस? पंधरा-वीस. विमानात 75 टक्के ताकद सलग दोन-तीन तास. आणि ते फिरतं साडेपाच हजारावर, प्रोपेलरला पाहिजेत अडीच हजाराच्या आत, म्हणजे मधे गिअरबॉक्स आला. तो तू करणार? त्याची टॉर्शनल व्हायब्रेशन, शाफ्टला पीळ बसून होणारी थरथर, तू मोजणार? वागळे इस्टेटला?’’ शेवटचं वाक्य जरा लागलं, पण मुद्दा बरोबर होता. रोटॅक्समध्ये तो गिअरबॉक्स आतच येतो, 2.43 ला 1.

मग मी त्यांना कसारा घाटाचं उदाहरण दिलं. काका हसायलाच लागले. म्हणाले इगतपुरी किती उंच आहे? साधारण 2,000 फूट. म्हणजे हवा विरळ झाल्यामुळे तुझ्या 800 ची ताकद गेली किती, सहा टक्के. सहा टक्क्याने गाडी सेकंड गिअरला येते का? ती हाफायची ती चढामुळे आणि मुळातच इंजिन एवढंसं असल्यामुळे, हवेचा त्यात काही दोष नव्हता. मेव्हण्याची गाडी हाफत नाही कारण तिच्यात घोडेच दुपटीच्या वर आहेत. खरं सांगतो, दीड वर्ष ज्या उदाहरणावर आम्ही भांडत होतो ते चहा संपायच्या आत निकालात निघालं.

पण काका टर्बोच्या विरोधात होते असंही नाही. उलट त्यांनीच पाइक्स पीकची गोष्ट सांगितली. 1918 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉसने लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या त्या 14,000 फुटांच्या डोंगरावर नेलं. खाली 350 घोडे देणारं इंजिन वर नेल्यावर 230 वर आलं आणि टर्बो जोडल्यावर 356 झालं. म्हणजे विमानात टर्बो आला तो मुळात जोर ‘वाढवायला’ नाही, गेलेला जोर परत आणायला. काकांचं म्हणणं एवढंच की आधी बघ तुझा किती जातोय, मग परत आणायची भाषा कर.

म्हणून बसलो हिशेबाला. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूला केला, ते पान अजून गाळ्यात खिळ्याला लटकलंय.

पहिल्यांदा ठाणं. आपण समुद्रसपाटीला राहतो म्हणून हवा घट्ट असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. स्टँडर्ड हवा धरतात 15 डिग्रीची, आपल्याकडे एप्रिलमध्ये 35. प्रत्येक जास्तीच्या डिग्रीला विमान अंदाजे 120 फूट आणखी उंच आहे असं धरायचं, म्हणजे वीस डिग्रीचे 2,400 फूट. तुम्ही उभे आहात खाडीच्या कडेला आणि विमानाला वाटतंय ते लोणावळ्याच्याही वर आहे. त्यात दमटपणा. 35 डिग्रीला 70 टक्के आर्द्रता असेल तर हवेच्या दाबातला जवळपास चार टक्के भाग निव्वळ वाफेचा, इंजिनाच्या दृष्टीने फुकट. घामाने शर्ट चिकटतो तेव्हा इंजिनाचाही श्वास थोडा अडकलेला असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पठारावर मे महिन्यात 40 डिग्री धरले तर 2,000 फूट उंचीवरची धावपट्टी विमानासाठी होते सुमारे साडेपाच हजार फूट उंचीवरची. म्हणजे माझ्या त्या बाभळी उगीच नव्हत्या.

आता इथे मेव्हण्याने टेबलावर हात आपटला, की बघा, मी काय म्हणत होतो! आणि काका म्हणाले की हो, पण टर्बो इंजिनाला लागतो, पंखाला लागत नाही. पंखाला ती साडेपाच हजार फुटांची पातळ हवाच मिळणार, धावपट्टी जास्त लागणारच, जमिनीवरचा वेग जास्त असणारच. प्रोपेलरचंही तेच.

मग 152 चा हिशेब काढला आणि इथे माझे डोळे उघडले. 152 चं कमाल वजन 757 किलो आणि घोडे 110, म्हणजे एका घोड्यावर जवळपास सात किलो. आमचं विमान भरून 600 किलो, 100 घोडे, म्हणजे एका घोड्यावर सहा. त्या दुपारच्या 152 मध्ये आम्ही दोघं आणि पेट्रोल धरून वजन काठावर होतं, आणि इंजिनाने किती वर्षं काढली होती ते देव जाणे. म्हणजे ज्या भीतीपोटी मला टर्बो पाहिजे होता त्या भीतीचा अर्धा इलाज वजन कमी असण्यातच झाला होता. साध्या इंजिनाने आमचं विमान त्याच धावपट्टीवरून, त्याच दुपारी, हिशेबाप्रमाणे मिनिटाला सहाशेच्या आसपास चढायला पाहिजे. हिशेब आणि विमान यांचं जमतं का ते उडाल्यावर कळेल, पण अंदाज तरी तसा.

पुढचा प्रश्न, आम्ही जाणार कुठे. खरंखुरं लिहून काढलं. कऱ्हाड, बारामती, शिरपूर, फार फार तर एकदा गोव्याकडे. सह्याद्रीवरून जायला पाच-साडेपाच हजार फूट पुरे, कळसूबाईच 5,400 फूट आहे आणि तिच्या डोक्यावरूनच जायचं असा काही नवस नाही. दहा हजाराच्या वर थांबायचं तर ऑक्सिजन पाहिजे, ते सिलिंडर, मास्क, आम्ही कोण घेणार. म्हणजे 16,000 फुटांपर्यंतचे ते शंभर घोडे आम्ही विकत घेऊन खालीच ठेवणार होतो.

पाच हजार फुटांवर 912 सतत देईल साधारण 80 घोडे, 914 देईल 100. वीसचा फरक, मोठा वाटतो. पण ताकद पंचवीस टक्के वाढली म्हणून वेग पंचवीस टक्के वाढत नाही, घनमूळ लागतं मधे, वेग वाढतो सात-आठ टक्के. आमचं विमान म्हणजे खांब लावलेली पेटी, 85 नॉट जाईल. ते होईल 91-92. शिरपूर इथून हवेतून 300 किलोमीटर धरलं तर साध्याने एक तास 54 मिनिटं आणि टर्बोने एक तास 46. आठ मिनिटं. मेव्हणा स्वतः तीन हात नाक्याच्या सिग्नलला त्याहून जास्त वेळ उभा असतो.

चढाईत मात्र टर्बो खरंच जिंकतो, ते मान्य करायलाच पाहिजे. तेच वीस घोडे चढायला लावले तर मिनिटाला तीन-साडेतीनशे फूट जास्त, म्हणजे दीडपट. आणि आणखी एक, कार्ब्युरेटर आयसिंग. दमट हवेत साध्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, बाहेर वीस डिग्री असली तरी, आणि आपल्याकडे पावसाळ्याच्या आगेमागे घाटावर जी हवा असते ती याला अगदी पोषक. टर्बोमध्ये हवा दाबली की गरम होते, त्यामुळे ती काळजी जवळपास नाहीच. हे दोन मुद्दे मी मेव्हण्याच्या बाजूने पानावर मोठ्या अक्षरात लिहिले. तो सही करायच्या बेतात होता.

मग काकांनी विचारलं, ‘‘बॅटरी मेली, चार्जिंग गेलं, तर तुझं इंजिन कशावर चालणार?’’

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. 912 ला पेट्रोलचा मेकॅनिकल पंप इंजिनावरच असतो, इग्निशन दोन आणि ती स्वतःच्या कॉइलवर चालतात, बॅटरी काढून फेकून दिली तरी फिरणारं इंजिन फिरत राहतं. वर आमचं हाय विंग, टाक्या पंखात, पेट्रोल आपोआप खाली येतं. 914 ला मेकॅनिकल पंप नाहीच. दोन इलेक्ट्रिक पंप, कारण टर्बोने कार्ब्युरेटरवर दाब चढवलेला असतो आणि पेट्रोलला त्या दाबाच्या विरुद्ध आत शिरायचं असतं, दाब वाढला की पेट्रोलचाही दाब तेवढाच वाढवणारा रेग्युलेटर असतो. मी विचारलं, पण पंखातून उतरणारं पेट्रोल? काकांनी पेन्सिल माझ्याच हातात दिली. टेकऑफला एअरबॉक्समध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आधीच्या हवेच्या डब्यात, 40 इंचाच्या आसपास दाब, म्हणजे बाहेरच्यापेक्षा दहा इंच जास्त, तेवढा दाब नुसता बरोबरीत आणायला पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या पावणेपाच मीटर वर पाहिजे. दीड मजला. आमची टाकी जेमतेम एक मीटर वर. म्हणजे हाय विंगचा जो सगळ्यात मोठा फुकटचा फायदा होता तो आम्ही पैसे देऊन घालवणार होतो, आणि मग तो भरून काढायला दोन पंप, दोन वेगळी सर्किट, बॅकअप बॅटरी, त्याचं वजन.

हे सगळं लोक करतात, व्यवस्थित करतात, 914 वर जगभर विमानं उडतायत, त्यात काही वाद नाही. पण ते वायरिंग करणारे आम्ही दोघं होतो, आणि आमच्यापैकी एकाने गाळ्यातला ट्यूबलाइटचा होल्डर उलटा बसवला होता. (मी नाही.)

नंतर बाकीच्या गोष्टी आपोआप रांगेत आल्या. टर्बो तापतो, एक्झॉस्ट लालबुंद होतो आणि तो आमच्या फायबरच्या काउलपासून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणापासून, चार बोटांवर, म्हणजे हीट शील्ड, पेट्रोलच्या नळ्यांना फायर स्लीव्ह, हवेची वाट मोठी. आधीच 35 डिग्रीची हवा थंड करायला घेणार आपण. टर्बोच्या तेलाला परत आणायला वेगळा पंप, गरम असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडल. वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, आणि थ्रॉटलची ती गंमत की शंभर टक्क्यांच्या पुढे 108-110 च्या पट्ट्यात थांबायचं नाही, कारण तिथे बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, एकदम उसळी घेतो, त्यामुळे एकतर अलीकडे राहा नाहीतर सरळ 115 ला जा. साठ-सत्तर तासांच्या माझ्यासारख्या पायलटला टेकऑफच्या धांदलीत अजून एक लक्षात ठेवायची गोष्ट.

वजन आम्ही बाथरूमच्या तीन वजनकाट्यांवर विमान ठेवून करतो, हसू नका, बरोबर येतं. रिकामं 345 धरलंय. मी 82, मेव्हणा 75, हे त्याचं म्हणणं. ऐंशी लिटर पेट्रोलचे 58. 600 मधले उरले चाळीस किलो. टर्बो, त्याची नळकांडी, इंटरकूलर, पंप, बॅटरी मिळून पंधरा किलो नाकात गेले की राहतात पंचवीस. दोन बॅगा आणि पाण्याची बाटली. इंटरकूलर न लावता चालतं म्हणा, पण आपल्या हवेत दाबलेली गरम हवा तशीच आत सोडायला मन धजत नव्हतं, डेटोनेशनची भीती, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळायच्या ऐवजी फटकन पेटायची.

डेटोनेशनवरून पेट्रोल आठवलं, आणि ही कटकट दोन्ही इंजिनांना सारखीच निघाली. दोघांनाही किमान 95 ऑक्टेन पाहिजे, आपलं साधं पेट्रोल तेव्हा 91 चं. प्रीमियम घेतलं तर ऑक्टेन मिळतं पण इथेनॉलचं काय? रोटॅक्स दहा टक्क्यांपर्यंत चालवून घेतं आणि आपल्याकडे आता वीसचा जमाना. आम्ही एका पंपावरचं पेट्रोल आणून काचेच्या मोजनळीत शंभर मिली पेट्रोल आणि दहा मिली पाणी घालून हलवलं, इथेनॉल पाण्यात उतरतं त्यामुळे खालचा थर वाढतो. दहाचा तीसच्या जवळ गेला. मेव्हणा म्हणाला हे तर औषध झालं. मग ॲव्हगॅस 100 एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, ते इंडियन ऑइलने 2022 पासून वडोदऱ्याला बनवायला घेतलंय, आधी सगळं बाहेरून यायचं. पण त्यात शिसं, ते रोटॅक्सच्या तेलात आणि गिअरबॉक्समध्ये गाळ करतं, म्हणून तेल लवकर लवकर बदलायचं. इथे फरक एवढाच की टर्बोची बेअरिंग त्याच तेलावर मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरतात आणि साध्या इंजिनात तो जीवघेणा पाहुणाच नाही.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. या सगळ्यात मेव्हण्याने शेवटचा पत्ता टाकला तो रोटॅक्सच्याच 915 चा. 141 घोडे, फ्युएल इंजेक्शन, इंटरकूलर सगळं कंपनीतूनच, 15,000 फुटांपर्यंत पूर्ण जोर, आणि आता तर 916 पण आलंय 160 घोड्यांचं. म्हणाला दक्षिण आफ्रिकेचं स्लिंग विमान बघा, आधी 914 लावायचे, मग 915 वर गेले, ते काय वेडे आहेत? अजिबात वेडे नाहीत. एकतर ते चार सिटांचं विमान, दुसरं म्हणजे ती कंपनी आहे जोहान्सबर्गला, ते लोक राहतातच साडेपाच हजार फुटांवर. ते सकाळी चहा पितात तेव्हा त्यांचं विमान आमच्या क्रूझच्या उंचीवर उभं असतं. मी लेहला राहत असतो, सुमारे 10,700 फूट उंचीवरच्या धावपट्टीवर, तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती, डोळे झाकून टर्बो. पण मी राहतो कळव्याला.

शेवटी कोटेशनं आली. दोन इंजिनांतला फरक, ड्युटी आणि बाकी सगळं धरून, एका नव्या हॅचबॅकएवढा. बायकोने तो आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे आठ मिनिटांची एक गाडी?’’ मी तिला चढाईचं समजवायला गेलो, बाभळींचं सांगितलं. ती म्हणाली मे महिन्यात दुपारी दोनला उडायचंच कशाला, सकाळी सहाला उडा. आता याच्यावर काय बोलणार. काका दोन वर्षं जे हळूहळू सांगत होते ते हिने भाजी निवडता निवडता सांगितलं.

912 ची ऑर्डर दिली. येऊन पडलंय. लाकडी खोका उघडला तेव्हा मेव्हणा आला नाही, सर्दी झाली होती म्हणे. आठवड्याने आला, इंजिन हाताने फिरवून बघितलं आणि जरा विरघळला. आता इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो सांगाडा, वेल्ड करून घ्यायचाय. परवानग्यांचं वेगळं पुराण आहे, कांदिवलीच्या गच्चीवर सहा सिटांचं विमान बनवणाऱ्या अमोल यादवांना 2016 ला बीकेसीत ते दाखवल्यानंतरही डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, रजिस्ट्रेशन मिळायला 2017 उजाडलं, आणि त्याआधीची वर्षं वेगळीच, त्यामुळे आम्ही कुठल्या झाडाचा पाला. ते परत कधीतरी लिहीन.

परवा माउंटचं ड्रॉइंग काढत होतो तर फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, उजव्या बाजूला, खाली, एक चौकोन पेन्सिलने आखलेला दिसला. माझी खूण नाही. मेव्हण्याला विचारलं हे काय, तर म्हणाला, ‘‘काही नाही भावोजी, तिथे काही बसवू नका एवढंच. टर्बोच्या नळीला जागा राहू दे.’’

मी खोडलं नाही. तिथे बॅटरी येणार होती, ती मागे सरकवतोय.